मेटिऑर-एमचं एलआरपीटी प्रसारण: डिकोडर प्रकल्पाच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

उद्दिष्ट: रशियाच्या मेटिऑर-एम एन२-३ आणि एन२-४ या ध्रुवीय हवामान उपग्रहांचं एलआरपीटी (डिजिटल चित्रांचं) प्रसारण पुण्यातल्या गच्चीवर घेणं आणि चित्रापर्यंतचा प्रत्येक टप्पा आपल्याच कोडने उलगडणं. सॅटडंप नावाचं सॉफ्टवेअर हे काम तयार करून देतं. ते आपण उत्तर ताडून पाहण्यापुरतं वापरायचं.

तुलनेला अमेरिकेच्या नोआ-१५, १८, १९ यांचं एपीटी हे जुनं चित्र-प्रसारण अजून चालू आहे. एपीटी म्हणजे शुद्ध अ‍ॅनालॉग मामला. २४०० हर्ट्झचा उपवाहक, त्याची तीव्रता म्हणजे पिक्सेलची उजळता, आणि हे सगळं एफएमवर. सेकंदाला दोन ओळी, ओळीत २०८० पिक्सेल. त्याचे दोन सारखे भाग: सिंक (सुरुवात ओळखायची खूण) ३९, रिकामी पट्टी ४७, चित्र ९०९, टेलिमेट्री (उपग्रहाची मोजमापं) ४५, बेरीज १०४०. उपग्रहावरचं मूळ एव्हीएचआरआर हे चित्रण-उपकरण सेकंदाला सहा ओळी काढतं, एपीटीत त्यातली तिसरी तिसरी ओळ येते, म्हणून तपशील सुमारे ४ किमीवर थांबतो. एलआरपीटीत तो १ किमी आहे.

फरक केवळ बारकाव्याचा नाही. एपीटीत सिग्नल पडला की चित्रावर मुंग्या येतात, आणि मुंग्यांकडे बघून बिघाड कुठे आहे ते साधारण कळतं. एलआरपीटीत चित्र एकतर स्वच्छ येतं, नाहीतर येतच नाही. चित्राकडे बघून काहीच कळत नाही. म्हणून पहिला नियम: प्रत्येक थराला स्वतःचं मापक हवं. चित्राची वाट न बघता प्रत्येक टप्प्यावर आकडा छापायचा.

१६ फेब्रुवारी २०२५

अँटेना: व्ही-डायपोल. ६ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या दोन सळ्या, प्रत्येकी ५३.४ सेमी, मधला कोन १२०°, आडव्या बसवलेल्या, व्हीचं तोंड उत्तरेकडे. केबलची मधली तार एका सळीला, जाळी दुसरीला. उपग्रहाची लहर उजव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाची आणि आपला डायपोल रेषीय, त्यामुळे ३ डीबी जातातच. क्यूएफएच (वर्तुळाकार ध्रुवीकरणाची, पिळाच्या आकाराची अँटेना) बांधला तर ते परत मिळतात, पण त्याची मापं चुकली तर डायपोलपेक्षाही वाईट हाल होतात. आधी डायपोल.

केबल टीव्हीची आरजी-६ वापरली. ती ७५ ओहमची, रिसीव्हर ५० ओहमचा. या फरकाने जेमतेम ०.२ डीबी जातो, त्याची चिंता करण्यात अर्थ नाही. लांबीमुळे जास्त जातं, म्हणून एलएनए (कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर) अँटेनापाशीच, त्याला बायस-टीवरून, म्हणजे केबलमधूनच, ५ व्होल्ट.

खरी अडचण एफएम केंद्रांची. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधली शहरातली जोरदार केंद्रं आरटीएल-एसडीआरला (आपला यूएसबी डोंगल रिसीव्हर) भारी पडतात. लक्षण: गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला की १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नॉइजची पातळी गेनपेक्षा जास्त वेगाने चढते आणि नसलेले सिग्नल दिसू लागतात. एफएम अडवणारा फिल्टर लावायचा, आणि तोही एलएनएच्या आधी. नंतर लावला तर एलएनए स्वतःच दबलेला असतो, फिल्टर बिचारा काय करणार?

दुसरा त्रास गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरचा. स्पेक्ट्रमवर ठरावीक अंतरावर उभ्या रेघांचा कंगवा दिसतो, ऊन चढलं की तो रुंदावतो. उपग्रहांचे सकाळचे पास (आकाशातून जाणाऱ्या फेऱ्या) नेमके त्याच वेळी. अँटेना पॅनेलच्या डीसी तारांपासून जमेल तितकी लांब नेली आणि केबलवर रिसीव्हरच्या टोकाला फेराइट चढवले. कंगवा गेला नाही, पण उपग्रहाच्या १३७.९ मेगाहर्ट्झवरून बाजूला सरकला.

२३ फेब्रुवारी २०२५

रेकॉर्डिंगची मांडणी पक्की केली.

सँपल दर १.०२४ मेगासँपल, ८ बिट आय आणि ८ बिट क्यू (सिग्नलचे एकमेकांशी ९०° वरचे दोन घटक). दहा मिनिटांची फाइल साधारण १.२३ जीबी. कच्चं आयक्यूच साठवायचं. डिमॉड्युलेट करून साठवलं की मागच्या थरातली चूक पुन्हा तपासता येत नाही.

सिग्नल ७२,००० चिन्हं (एका वेळी पाठवलेली सिग्नलची अवस्था म्हणजे एक चिन्ह) प्रतिसेकंद, रूट-रेझ्ड-कोसाइन (आरआरसी) फिल्टरचा अल्फा ०.६ धरला तर रुंदी ११५ किलोहर्ट्झच्या आसपास. चारने डेसिमेट करून, म्हणजे चारपैकी एकच सँपल ठेवून, २५६ किलोसँपलवर आणलं, म्हणजे दर चिन्हाला ३.५६ सँपल. पुरतात.

वारंवारता १३७.९ किंवा १३७.१. ऑपरेटर त्यात बदल करतात, त्यामुळे पासच्या सुरुवातीला दोन्ही बघून घ्यावं. डॉप्लरने (उपग्रहाच्या वेगामुळे) ती सुमारे ३ किलोहर्ट्झ वर-खाली सरकते. साध्या डोंगलचा क्रिस्टल ५० पीपीएमने (दशलक्षात ५०) चुकला तर १३८ मेगाहर्ट्झवर ६.९ किलोहर्ट्झची चूक होते, म्हणजे डॉप्लरच्या दुप्पट. टीसीएक्सओचा (तापमानाचा परिणाम भरून काढणाऱ्या क्रिस्टलचा) १ पीपीएमवाला डोंगल घेतला तर १३८ हर्ट्झ. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवावेत.

गेन: स्वयंचलित बंद. पास चालू असताना एजीसीने (स्वयंचलित गेनने) गेन बदलला की कॉन्स्टेलेशनचा (आय-क्यू आलेखावरच्या ठिपक्यांचा) आकार हलतो आणि सॉफ्ट बिटांचं (खात्रीचं प्रमाण सोबत असलेल्या बिटांचं) वजन बिघडतं.

९ मार्च २०२५

डिमॉड्युलेटर (लहरीतून बिट काढणारा थर). जुना मेटिऑर-एम एन२ साधा क्यूपीएसके (चार फेज, दर चिन्हाला दोन बिट) वापरत असे. आताचे दोघे ओक्यूपीएसके वापरतात, म्हणजे क्यू पाय (घटक) आयपेक्षा अर्ध्या चिन्हाने उशिरा. यामुळे दोन्ही पाय एकदम कधीच पलटत नाहीत आणि लहर शून्यातून जात नाही, उपग्रहावरच्या अ‍ॅम्प्लिफायरला ते सोपं जातं.

क्रम असा ठेवला: गेन समान करणं, आरआरसी फिल्टर, कोस्टास लूपने (फेज जुळवणाऱ्या लूपने) वाहक पकडणं, मग घड्याळ पकडणं. घड्याळाच्या लूपमध्ये आय एका क्षणी वाचायचा, क्यू त्यानंतर अर्ध्या चिन्हाने.

ओक्यूपीएसकेची फाइल क्यूपीएसके समजून चालवली की कॉन्स्टेलेशनवर चार ठिपक्यांऐवजी मधल्या जागाही भरलेला चौकोन दिसतो. हा नॉइज नव्हे. नॉइज असता तर गोल पसरट ढग दिसला असता. चौकोन दिसला तर आधी मॉड्युलेशनचा प्रकार तपासावा.

बाहेर पडते ती फाइल: आय आणि क्यू आलटून पालटून, प्रत्येकी एक धन-ऋण (साइन्ड) बाइट, −१२७ ते १२७. सेकंदाला १४४ केबी. इथे ० आणि १ असे निर्णय घेऊन टाकले तर पुढच्या विटर्बीची (चुका दुरुस्त करणाऱ्या डिकोडरची) साधारण २ डीबी ताकद वाया जाते. बिट कितपत खात्रीचा आहे ही माहिती शेवटपर्यंत न्यायची.

या थराचं मापक: ठिपक्यांच्या पसाऱ्यावरून काढलेला एसएनआर (सिग्नल-नॉइज गुणोत्तर). ४-५ डीबीच्या खाली पुढे काही निष्पन्न होत नाही, ६ च्या वर सगळं सुरळीत. मधला पट्टा इतका अरुंद आहे की एपीटीची सवय असलेल्याला खरंच वाटत नाही.

१६ मार्च २०२५

विटर्बी. दर १/२ (एका बिटाचे दोन होतात), के = ७ (एका वेळी सात बिट विचारात), बहुपदी ऑक्टलमध्ये १७१ आणि १३३. ग्रंथालयांमध्ये हेच आकडे उलट्या बिट-क्रमाने ७९ आणि १०९ असे दिसतात, गोंधळून जाऊ नये. सीसीएसडीएस या अवकाश-संदेशांच्या मानकात दुसऱ्या शाखेचं उत्पादन उलटवलेलं असतं, मेटिऑरमध्ये ते उलटवलेलं नाही. तयार सीसीएसडीएस डिकोडर जसाच्या तसा जोडला तर इथेच गाडी अडते.

आता फेजचा प्रश्न. कोस्टास लूप चारपैकी कोणत्याही कोनावर बसू शकतो.

१८०° चा प्रश्न आपोआप सुटतो. बिटांवर एनआरझेड-एम विभेदी संकेत (१ आला की पातळी पलटते) आहे, आणि दोन्ही बहुपदींमध्ये विषम संख्येने पदं असल्यामुळे सगळे बिट उलटले तर विटर्बीचं उत्तरही नुसतं उलटतं. शेजारच्या दोन बिटांचा एक्सॉर (बिट वेगळे असले तर १) घेतला की उलटापालट नाहीशी.

९०° ला मात्र नुसतं फिरवून भागत नाही. ओक्यूपीएसके असल्यामुळे उशीर असलेला पायच बदलतो. आपण जोडी लावतो ती एका चिन्हाच्या क्यूची पुढच्या चिन्हाच्या आयशी. दुरुस्ती तीन भागांची: आय-क्यूची अदलाबदल, एका पायाचं चिन्ह उलट, आणि एक पाय एका चिन्हाने सरकवणं. यातलं एक जरी राहिलं तरी बाहेर निव्वळ कचरा येतो. म्हणून तपासायच्या शक्यता दोनच: आहे तसं, किंवा या तिन्ही बदलांसह.

निवड कशी करायची: विटर्बीचं उत्तर पुन्हा एन्कोड करून आलेल्या चिन्हांशी ताडायचं. योग्य शक्यतेत फरक काही टक्क्यांचा, चुकीच्या शक्यतेत तो नॉइजला दिसतो तितकाच. लॉक सुटला की दोन्ही शक्यता पुन्हा तपासायच्या, कारण लूप घसरला तर दुसऱ्या कोनावर बसू शकतो.

जुन्या एन२ साठी लिहिलेले काही डिकोडर विटर्बीच्या आधीच एन्कोड केलेला ६४ बिटांचा सिंक शब्द शोधतात (हेक्समध्ये ०३५डी४९सी२४एफएफ२६८६बी आणि त्याची फिरवलेली रूपं). विभेदी संकेतात तो शब्द स्थिर राहत नाही. त्या पद्धतीने एन२-३ किंवा एन२-४ ची फाइल उघडायला गेलं तर सिग्नल कितीही जोरदार असो, हाती शून्य.

एनआरझेड-एम उलगडणं विटर्बीच्या नंतर. आधी सॉफ्ट चिन्हांवर केलं तरी गणित बरोबर येतं, पण दोन नॉइजयुक्त किमतींचा गुणाकार होतो आणि ताकद घटते. नंतर केलं तर एक चुकलेला बिट दोन होतो, ते पुढचा थर निभावून नेतो.

३० मार्च २०२५

फ्रेम. १०२४ बाइट: पहिले ४ सिंक (१एसीएफएफसी१डी), उरलेले १०२० माहिती आणि रीड-सॉलोमनचे (चूक दुरुस्तीचे) बाइट. सेकंदाला ७२,००० बिट म्हणजे साधारण ८.८ फ्रेम. सिंक शोधताना दोन-चार बिटांची चूक चालवून घ्यायची, आणि एकदा सापडला की बरोबर ८१९२ बिटांनी पुन्हा बघायचा.

सिंक सोडून १०२० बाइटांवर छद्म-यादृच्छिक क्रमाशी एक्सॉर. क्रमाची सुरुवात एफएफ ४८ ०ई सी० ९ए ०डी ७० बीसी, दर २५५ बाइटांनी पुन्हा तेच.

मग रीड-सॉलोमन (२५५, २२३), चार पदरांत विणलेला: पहिला बाइट पहिल्या शब्दाचा, दुसरा दुसऱ्याचा, पाचवा पुन्हा पहिल्याचा. प्रत्येक शब्द १६ चुकीचे बाइट दुरुस्त करतो, म्हणजे सलग ६४ बाइटांचा फटका सहन होतो. विटर्बी चुकतो तेव्हा चुका पुंजक्यानेच येतात, म्हणून ही वीण.

इथे एक सापळा आहे. मेटिऑर आणि भूस्थिर उपग्रहांचं एलआरआयटी प्रसारण यांचे आकडे सारखे दिसतात, पण एलआरआयटीत बाइट सीसीएसडीएसच्या दुहेरी बेसिसमध्ये (बाइट लिहिण्याच्या वेगळ्या पद्धतीत) असतात आणि मेटिऑर साधा बेसिस वापरतो. चुकीचा बेसिस निवडला तर लक्षण अगदी नेमकं असतं: विटर्बी उत्तम, सिंक दर ८१९२ बिटांनी हजर, आणि रीड-सॉलोमन प्रत्येक फ्रेमला नापास. एकही फ्रेम पास होत नसेल तर दोष अँटेनात शोधू नये. कमकुवत सिग्नलमध्ये काही फ्रेम जातात, काही राहतात. शंभर टक्के नापास म्हणजे सेटिंगचा घोळ.

तपासणीसाठी कृत्रिम फ्रेम बनवण्याची छोटी स्क्रिप्ट लिहिली: माहीत असलेले ८९२ बाइट घ्यायचे, सगळे थर चढवायचे, हवा तेवढा नॉइज मिसळायचा आणि डिकोडरला द्यायचे. यापुढे कोणताही बदल आधी यावर, मग खऱ्या फाइलवर.

१३ एप्रिल २०२५

८९२ बाइटांच्या आत: ६ बाइटांचा मथळा, २ बाइटांचा अंतर्भूत भाग, २ बाइटांचा पॅकेट-सूचक, उरलेले ८८२ पॅकेटांसाठी. मथळ्यात ६ बिटांचा आभासी चॅनेल क्रमांक असतो, चित्र ५ वर. २४ बिटांचा फ्रेम मोजणीचा आकडा इथेच. तो सलग आहे का हे बघितलं की हरवलेल्या फ्रेम कळतात.

सूचकातले ११ बिट सांगतात की पुढचं पॅकेट कितव्या बाइटपासून सुरू होतं. २०४७ म्हणजे या फ्रेममध्ये एकही पॅकेट सुरू होत नाही, सगळा मजकूर आधीच्याचाच पुढचा भाग. हे विसरलं तर मोठी पॅकेटं कापली जातात आणि तीही ढगाळ भागातली, कारण तिथेच जेपेग आकाराने फुगतं. पॅकेटाचा मथळाही दोन फ्रेममध्ये तुटू शकतो. सहापैकी चार बाइट इकडे, दोन तिकडे. त्यामुळे लांबी वाचण्याआधी सहाही बाइट जमलेत का ते बघायचं.

पॅकेटचा एपीआयडी (ओळख क्रमांक) म्हणजे चॅनेल. ६४ ते ६९ म्हणजे एमएसयू-एमआर या मेटिऑरच्या चित्रण-उपकरणाचे चॅनेल १ ते ६, आणि ७० म्हणजे टेलिमेट्री. एकावेळी सहापैकी तीनच चॅनेल पाठवले जातात. आठ ओळींच्या एका पट्ट्याला प्रत्येक चॅनेलची १४ पॅकेटं, अशी ४२, अधिक टेलिमेट्रीचं एक: ४३. पट्टा नेमका कुठे बसवायचा हे पॅकेट क्रमांक ४३ च्या पटीत किती सरकला यावरून ठरतं. क्रमांक १४ बिटांचा असल्यामुळे १६,३८३ नंतर पुन्हा शून्य. ते धरलं नाही तर चित्राचा खालचा भाग उडी मारून भलतीकडे जातो.

२० एप्रिल २०२५

चित्र. प्रत्येक पॅकेटमध्ये ८×८ चे १४ चौकोन, म्हणजे ११२ पिक्सेल रुंद आणि ८ ओळी उंच तुकडा. असे १४ तुकडे मिळून १५६८ पिक्सेलची ओळ. पहिल्या चौकोनाचा क्रमांक ०, १४, २८ असा १८२ पर्यंत.

हफमन तक्ते (बिटांची संख्या आखडणारे) नेहमीच्या जेपेगमधल्या उजळतेचेच. क्वांटायझेशनचा (किमती ठोकळ करण्याचा) तक्ता पाठवला जात नाही, फक्त एका बाइटचा गुणवत्तांक येतो. तो ५० च्या खाली असेल तर गुणक ५००० भागिले अंक, ५० पासून पुढे २०० वजा अंकाची दुप्पट. मानक तक्त्यातली प्रत्येक किंमत या गुणकाने गुणून १०० ने भागायची, पूर्णांक करायची, आणि १ पेक्षा कमी आली तर १ धरायची. अंक पॅकेटागणिक बदलू शकतो. एकदाच वाचून ठेवला तर चित्रात उजेडाचे चौकोनी ठिगळ दिसतात.

डीसीचा (चौकोनाच्या सरासरी उजळतेचा) अंदाज प्रत्येक पॅकेटला शून्यापासून. मांडणारांनी इथे शहाणपणा केला आहे: एक पॅकेट गेलं तर नुकसान तेवढ्याच तुकड्याचं, ओळीचा उरलेला भाग शाबूत.

आजच्या चित्रात चॅनेल २ मध्ये (०.७ ते १.१ मायक्रॉन) उजनीचा जलाशय काळाभोर आणि कडा स्पष्ट, भीमेच्या वळणांसह. या तरंगलांबीत पाणी जवळजवळ काहीच परावर्तित करत नाही, म्हणून जमिनीच्या जागा ताडायला हाच चॅनेल बरा. चित्राच्या दोन्ही कडांना भूभाग चेपलेला दिसतो. स्कॅन समान कोनांनी होतो, जमिनीवरचं अंतर समान नसतं. ते सरळ करणं पुढच्या कामात.

११ मे २०२५

८०के प्रकार. मेटिऑरचं प्रसारण कधी कधी ७२ ऐवजी ८० किलोचिन्हांच्या दराने असतं. वाढीव भाग माहितीचा नसून दर ७२ बिटांमागे ८ बिटांची खूण (हेक्समध्ये २७) घातलेली असते. शिवाय बिट ३६ शाखांच्या इंटरलीव्हरमधून (बिट वेळेत विखुरणाऱ्या रचनेतून) जातात, प्रत्येक शाखेत आधीच्यापेक्षा २०४८ ने जास्त विलंब. पूर्ण विलंब ३५ × २०४८ × ३६ बिटांचा, म्हणजे सुमारे १८ सेकंद. मधेच एखादं विमान किंवा खांब आड आला तर तो फटका १८ सेकंदांवर विखुरतो आणि निभावतो. किंमत अशी की लॉक लागल्यापासून पहिली १८ सेकंदं काहीच बाहेर पडत नाही, आणि मध्ये लॉक सुटला तर पुन्हा तेवढी वाट. कोड अर्धवट आहे, पण खूण सापडते आहे.

२२ जून २०२५

पावसाळ्याची कामं. केबलच्या एफ-कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की सिग्नल हळूहळू उतरतो आणि ऊन पडलं की थोडा सुधारतो, त्यामुळे दोष पटकन सापडत नाही. जोडावर आपोआप चिकटणारी रबर टेप, त्यावर साधी टेप, आणि जोडाच्या खाली केबलला एक वळसा म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. सळ्यांच्या डब्याला वरून भोक नको, खालून एक हवंच.

नोआ-१८ ६ जूनला बंद झाला.

२४ ऑगस्ट २०२५

नोआ-१९ १३ ऑगस्टला आणि नोआ-१५ १९ ऑगस्टला बंद. एपीटीची सुरुवात डिसेंबर १९६३ च्या टायरॉस-८ पासून, आता १३७ मध्ये तुलनेला अ‍ॅनालॉग काही उरलं नाही. साठवलेल्या एपीटी फाइली चाचणीसाठी ठेवल्या आहेत. अँटेना आणि फिल्टर तपासायला मात्र आता दुसरा उपाय हवा. बाहेरून ज्ञात पातळीचा सिग्नल देऊन गेन आणि नॉइज मोजण्याची सोय करतो आहोत.

२१ सप्टेंबर २०२५

हाच गाभा कोरियाच्या जीके-२ए च्या एलआरआयटीवर लावून पाहिला. उपग्रह १२८.२° पूर्वेवर, पुण्याहून दिगंश सुमारे १०३°, उंची २५-२६°. म्हणजे पूर्वेला इमारत असेल तर विषय संपला. वारंवारता १६९२.१४ मेगाहर्ट्झ, बीपीएसके (दोन फेजांचं मॉड्युलेशन), सेकंदाला १,२८,००० चिन्हं, माहिती ६४ केबीपीएस. २.४ गिगाहर्ट्झची जाळीदार वायफाय डिश चालते, पण एलएनए १६९० च्या आसपासच्या एसएडब्ल्यू (अरुंद पट्टा गाळणाऱ्या) फिल्टरचाच हवा.

विटर्बी, सिंक, यादृच्छिक क्रम जसेच्या तसे. रीड-सॉलोमनला दुहेरी बेसिस. अंतर्भूत भाग नाही, म्हणून पॅकेटांना ८८४ बाइट. ८८२ च राहिलं तर पहिल्या पॅकेटपासून दोन बाइटांचा सरक दिसतो. आभासी चॅनेल ६३ म्हणजे नुसतं भरताड, ते फेकून द्यायचं. सिग्नल उत्तम आणि फाइल एकही नाही असं दिसलं तर आधी ६३ च येतंय का ते बघावं, कारण दोन चित्रांच्या मधल्या वेळात बहुतेक तेच असतं.

पूर्ण गोलार्धाचं चित्र दर १० मिनिटांनी, २२०० × २२००, दहा तुकड्यांत. फाइलचा मजकूर डीईएस या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद आहे. किल्ल्या कोरियाच्या उपग्रह केंद्राने खुल्या ठेवल्या आहेत. पॅकेटची सीआरसी (चूक तपासणारा आकडा) बरोबर येते पण जेपेग उघडत नाही, तर दोष किल्लीच्या क्रमांकात. सीआरसी कुलूपबंद मजकुरावरच काढलेली असते.

बाकी: ८०के पूर्ण करणं, कडा सरळ करणं, आणि मेटिऑरच्या अवरक्त चॅनेलची (एपीआयडी ६८) उजळता इस्रोच्या मोसडॅक संकेतस्थळावरून एचडीएफ५ फाइलींमध्ये मिळणाऱ्या इन्सॅट-३डीआरच्या तापमानाशी लावून पाहणं. त्यासाठी आधी एपीआयडी ७० मधली अंशांकनाची मूल्यं वाचावी लागतील.